हार्लेमची शिल्पगुरू

अमेरिकेतील मोठ्या कलासंग्रहालयांभोवती सभासदांची मंडळे उभी राहण्याची परंपरा जुनी आहे. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयाशी जोडलेले आफ्रिकी व आफ्रिकी-अमेरिकी कलेच्या मित्रांचे मंडळ हे त्यांपैकी एक परिचित नाव. कलेविषयी आस्था असलेले नागरिक वर्गणी भरून अशा मंडळांचे सभासद होतात, व्याख्याने आणि प्रदर्शने घडवून आणतात, निधी उभारतात आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या कलाकृती संग्रहालयाच्या दालनात कायमच्या याव्यात यासाठी झटतात. वरवर पाहता हे रसिकांचे हौसेचे काम वाटते. परंतु कलाकृती विकत घेणारा, ती ब्राँझमध्ये ओतून घेणारा किंवा निदान छपराखाली नीट ठेवणारा कोणी नसेल तर काय होते, हे ज्यांच्या आयुष्यातून स्पष्टपणे दिसते त्या शिल्पकार म्हणजे ऑगस्टा सॅव्हेज. स्वतःची बहुतेक मोठी कामे त्यांना जपता आली नाहीत. मात्र त्यांनी हात धरून पुढे आणलेल्या मुलांची चित्रे आज अमेरिकेतील अग्रगण्य संग्रहालयांत मानाने लावलेली आहेत.

ऑगस्टा यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी फ्लोरिडा राज्यातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या लहानशा गावी झाला. माहेरचे आडनाव फेल्स. वडील एडवर्ड फेल्स मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. चौदा भावंडांत ऑगस्टा सातवी. घरात दारिद्र्य असल्याने खेळणी विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र गावाच्या परिसरात विटांसाठी वापरली जाणारी तांबडी माती मुबलक होती. या मातीची बदके आणि इतर प्राणी घडविण्याचा नाद या मुलीला लागला. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. मूर्ती घडविणे हे धर्माज्ञेचे उल्लंघन आहे अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्यापायी ऑगस्टाने पुष्कळ मार खाल्ला. मार पडूनही हात थांबले नाहीत. पुढे तिने घडविलेली मेरीची मूर्ती पाहिल्यावर वडिलांचा विरोध मावळला.

१९०७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जॉन मूर यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी आयरीन ही कन्या जन्मली. काही वर्षांतच मूर यांचे निधन झाले आणि ऑगस्टा मुलीसह आईवडिलांकडे परतली. १९१५ च्या सुमारास हे कुटुंब वेस्ट पाम बीच येथे राहावयास गेले. तेथील जमीन वाळूची, त्यामुळे मूर्तिकाम जवळजवळ बंदच पडले. एका स्थानिक कुंभाराकडून थोडी माती मिळाली तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. तिची कलाकुसर पाहून शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिलाच मातीकामाचे वर्ग घ्यावयास सांगितले. त्याचा मोबदला दिवसाला एक डॉलर होता. पुढे आयुष्यभर जो व्यवसाय त्यांना सर्वांत प्रिय राहिला, त्या अध्यापनाचा आरंभ असा झाला. याच काळात जेम्स सॅव्हेज नावाच्या सुताराशी त्यांनी दुसरा विवाह केला. तो टिकला नाही. मात्र सॅव्हेज हे आडनाव कायम राहिले.

१९१९ साली पाम बीच परगण्याच्या जत्रेत त्यांनी आपल्या मूर्ती मांडल्या. लोकांनी त्या आवडीने पाहिल्या, विकत घेतल्या आणि पंचवीस डॉलरचे बक्षीसही मिळाले. जत्रेचे अधीक्षक जॉर्ज ग्रॅहम करी यांनी न्यूयॉर्कला जाऊन रीतसर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. त्याआधी ऑगस्टा यांनी जॅक्सनव्हिल शहरात नशीब आजमावून पाहिले. तेथील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय नागरिकांचे अर्धपुतळे करावेत आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा असा त्यांचा बेत होता. तो फसला. अखेर १९२१ साली मुलीला आईवडिलांच्या हवाली करून त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यापाशी जेमतेम साडेचार डॉलर होते.

शिल्पकार सोलोन बोर्ग्लम यांच्या शिफारशीने त्यांनी कूपर युनियन या संस्थेत अर्ज केला. येथे शुल्क घेतले जात नसे, त्यामुळे प्रवेशासाठी मोठी प्रतीक्षायादी असे. १४२ जणांना मागे टाकून त्यांना प्रवेश देण्यात आला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला. मधल्या काळात इमारतीची देखभाल करण्याची नोकरी सुटली आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा संस्थेने राहण्या-जेवण्याच्या खर्चाचीही सोय केली. शुल्क माफ झाले तरी पोट माफ होत नाही, ही गोष्ट ऑगस्टा यांना पुढेही वारंवार अनुभवावी लागली.

त्या काळात न्यूयॉर्कच्या उत्तर भागातील हार्लेम ही वस्ती कृष्णवर्णीय समाजाची सांस्कृतिक राजधानी बनत होती. दक्षिणेतील शेतमजुरी, कर्ज आणि झुंडशाही यांना कंटाळून लाखो लोक उत्तरेकडील शहरांत येत होते. त्यांच्याबरोबर लेखक, गायक, वादक, चित्रकार हार्लेममध्ये जमू लागले. या जागरणाला पुढे 'हार्लेम रेनेसान्स' हे नाव मिळाले. १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालय हे त्याचे एक केंद्र होते. तेथील ग्रंथपाल सेडी पीटरसन यांच्या पुढाकाराने ऑगस्टा यांना विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांचा अर्धपुतळा घडविण्याचे काम मिळाले. त्यापाठोपाठ लोकनेते मार्कस गार्वी यांचाही अर्धपुतळा त्यांनी केला. गार्वी यांचे सहकारी रॉबर्ट लिंकन पोस्टन यांच्याशी १९२३ साली त्यांचा तिसरा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी लायबेरियाहून परत येत असताना बोटीवर पोस्टन यांचा मृत्यू झाला.

१९२३ हे वर्ष आणखी एका कारणाने त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. पॅरिसजवळील फोंतेनब्लो येथील राजवाड्यात अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी कलेचे उन्हाळी विद्यालय भरत असे. ऑगस्टा यांनी तेथे अर्ज केला. प्रारंभी शिफारसपत्रांच्या अपूर्ततेचे कारण पुढे करण्यात आले. अखेरीस खरे कारण उघड झाले. दक्षिणेकडील राज्यांतून येणाऱ्या गौरवर्णीय विद्यार्थिनींना एका कृष्णवर्णीय मुलीबरोबर प्रवास करणे आणि राहणे रुचणार नाही, म्हणून अमेरिकी निवड समितीने त्यांना नाकारले होते. हा निर्णय फ्रान्सचा नव्हता, तो अमेरिकेतील मान्यवर कलावंतांनी अमेरिकेतच घेतला होता.

अशा प्रसंगी निमूटपणे माघार घेण्याचा प्रघात होता. ऑगस्टा यांनी तो मोडला. त्यांनी प्रकरण वृत्तपत्रांकडे नेले, जाहीरपणे जाब विचारला आणि आज आपण गप्प बसलो तर उद्या येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठीही हेच दार बंद होईल अशी भूमिका मांडली. द्युबॉइस यांच्यासह अनेकांनी त्यांची बाजू घेतली. समिती मात्र बधली नाही. समितीतील हर्मन मॅकनील या एकाच शिल्पकाराला आपल्या सहकाऱ्यांच्या निर्णयाची खंत वाटली आणि त्यांनी ऑगस्टा यांना आपल्या कार्यशाळेत शिकावयास बोलावले. या लढ्याने ऑगस्टा यांचे नाव सर्वदूर झाले. पण कलाव्यवहारातील वजनदार मंडळींच्या लेखी त्या भांडखोर ठरल्या. या शिक्क्याची किंमत त्यांनी दीर्घकाळ मोजली.

१९२५ साली द्युबॉइस यांच्या प्रयत्नांनी रोम येथील कला अकादमीत शिकण्याची संधी चालून आली. शिष्यवृत्तीत शुल्काची तरतूद होती, प्रवास आणि निर्वाहाची नव्हती. ऑगस्टा त्या वेळी वाफेच्या धुलाईगृहांत काम करून कुटुंब पोसत होत्या. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. पैसे जमले नाहीत आणि रोमचा बेत बारगळला. १९२८ च्या चक्रीवादळात फ्लोरिडातील घर गेले आणि घरची माणसे हार्लेममधील त्यांच्या लहानशा जागेत राहावयास आली.

या ओढगस्तीच्या दिवसांतच त्यांनी आपली सर्वांत प्रसिद्ध कृती घडविली. 'गॅमिन' म्हणजे रस्त्यावर वाढलेला व्रात्य पोरगा. कलती टोपी, चुरगळलेला सदरा, किंचित वळवलेली मान आणि वयापेक्षा अधिक पाहिलेले डोळे असा हा हार्लेमच्या मुलाचा अर्धपुतळा आहे. ऑगस्टा यांच्या भाच्यावरून तो घडविला असे मानले जाते. त्या काळातील अमेरिकी कलेत आणि जाहिरातीत कृष्णवर्णीय चेहरा बहुधा विदूषकी थाटात, जाड ओठ आणि बटबटीत डोळे देऊन रंगविला जाई. 'गॅमिन'मध्ये असा उपहास नाही आणि दयेची याचनाही नाही. आहे तो एक विशिष्ट मुलगा, त्याच्या स्वतःच्या स्वभावासह. प्लास्टरवर ब्राँझसारखा रंग चढविलेला हा पुतळा आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रही आहे. ब्राँझचा खर्च परवडत नसल्याने ऑगस्टा यांनी अनेक कामे अशीच रंगविलेल्या प्लास्टरमध्ये केली. प्लास्टर स्वस्त असते, पण ते ठिसूळ असते. त्यांची कितीतरी शिल्पे पुढे हरवली किंवा फुटली, त्यामागे हे साधे कारण आहे.

'गॅमिन'मुळे १९२९ साली त्यांना ज्युलियस रोझनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली आणि पॅरिसचा मार्ग मोकळा झाला. या वेळी मात्र त्यांना एकट्याने पैशांची जुळवाजुळव करावी लागली नाही. हार्लेममध्ये निधीसाठी मेळावे भरले. कृष्णवर्णीय महिलांच्या मंडळांनी आणि फ्लोरिडातील शिक्षकांनी आपापली वर्गणी पाठविली. सहा वर्षांपूर्वी एका समितीने बंद केलेला रस्ता अनेक सामान्य माणसांच्या लहान लहान रकमांनी खुला झाला. पॅरिसमध्ये त्यांनी अकादेमी द ला ग्रांद शोमिएर येथे आणि शिल्पकार फेलिक्स बेनेतो यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला. तेथील प्रतिष्ठेच्या 'सलाँ' प्रदर्शनांत त्यांची शिल्पे लागली. कार्नेगी संस्थेच्या अनुदानातून फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीचा प्रवासही घडला.

त्या मायदेशी परतल्या तेव्हा जागतिक मंदीने अमेरिकेचे कंबरडे मोडले होते. शिल्पे विकत घेणारा वर्गच उरला नव्हता. अशा वेळी एखादा कलावंत स्वतःपुरता विचार करून बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. ऑगस्टा यांनी १९३२ साली हार्लेममधील १४३ व्या रस्त्यावर 'सॅव्हेज स्टुडिओ ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स' ही शाळा उघडली. येणाऱ्याकडून शुल्काचा आग्रह नसे. खिडकीतून आत डोकावणाऱ्या मुलालाही त्या बोलावून घेत आणि त्याच्या हाती माती देत. १९३४ साली स्त्री चित्रकार आणि शिल्पकारांच्या राष्ट्रीय संघटनेत निवड झालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी कलावंत ठरल्या. १९३५ साली स्थापन झालेल्या 'हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड' या संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या.

अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनाने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' ही योजना सुरू केली होती. कागदावर ती सर्वांसाठी होती. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय कलावंतांना ती मिळविण्यासाठी झगडावे लागे. ऑगस्टा आणि त्यांच्या गिल्डमधील सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करून अनेकांना या योजनेत सामावून घ्यावयास लावले. १९३७ साली याच योजनेतून 'हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर' सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली. उद्घाटनाला एलिनॉर रूझवेल्ट उपस्थित होत्या. चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, विणकाम असे वर्ग येथे विनामूल्य चालत. लहान मुले आणि दिवसभर काम करून आलेले प्रौढ एकाच इमारतीत शिकत.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या कार्याचे मर्म सांगून जातो. जेकब लॉरेन्स नावाचा एक होतकरू, बुजरा तरुण हार्लेमच्या कार्यशाळांत चित्रे काढीत असे. ऑगस्टा त्याला घेऊन योजनेच्या कचेरीत गेल्या, तेव्हा वय एकवीस पूर्ण नाही म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. तो मुलगा ही गोष्ट विसरूनही गेला. ऑगस्टा विसरल्या नाहीत. वर्षभराने, वयाची अट पूर्ण होताच, त्या त्याला पुन्हा तेथे घेऊन गेल्या आणि चित्रकार म्हणून त्याची नोंद करून आल्या. ठरावीक वेतन मिळू लागल्याने लॉरेन्स यांना पूर्ण वेळ चित्रकला करता आली. दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या महास्थलांतरावरील साठ चित्रांची त्यांची मालिका १९४१ साली पूर्ण झाली. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि वॉशिंग्टनचे फिलिप्स कलेक्शन या दोन संस्थांनी ती निम्मी निम्मी विकत घेतली. लॉरेन्स यांच्या पत्नी, चित्रकार ग्वेंडोलिन नाइट, याही ऑगस्टा यांच्याच शिष्या. पुढे अमूर्त चित्रकार म्हणून मान्यता पावलेले नॉर्मन लुइस त्यांच्या शाळेत घडले. शाळांतील वंशविभक्ती घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालात ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतला गेला, ते मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क हेही एके काळी त्यांच्या हाताखाली माती मळून गेले होते.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी संयोजकांनी ऑगस्टा यांना एक भव्य शिल्प घडविण्याचे काम दिले. त्यासाठी त्यांनी केंद्राच्या संचालकपदावरून रजा घेतली. जॅक्सनव्हिलचे सुपुत्र जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेले आणि त्यांचे बंधू रोझमंड यांनी संगीतबद्ध केलेले 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' हे गीत कृष्णवर्णीय समाजात राष्ट्रगीतासारखे गायिले जाई. ऑगस्टा यांनी त्याच गीतावरून कल्पना घेतली. हार्प या वाद्याच्या आकाराचे १६ फूट उंच शिल्प त्यांनी उभे केले. वाद्याच्या तारांच्या जागी उतरत्या उंचीने उभी असलेली बारा गाणारी मुले होती, त्यांच्या झग्यांच्या चुण्या तारांसारख्या सरळ खाली उतरत. वाद्याचा पाया म्हणजे ईश्वराचा विशाल हात आणि समोर गुडघे टेकून बसलेला एक तरुण. हे शिल्पही प्लास्टरचेच होते, त्याला काळ्या दगडाचा रंग दिलेला होता. प्रदर्शनातील लोकप्रिय कृतींमध्ये त्याची गणना झाली. त्याची छायाचित्रे, टपालपत्रे आणि धातूच्या लहान प्रतिकृती खपल्या. १९४० साली प्रदर्शन संपले. शिल्प ब्राँझमध्ये ओतून घेण्यासाठी ऑगस्टा यांच्याकडे पैसे नव्हते, ते हलवून कुठे ठेवण्याचे भाडेही त्यांना परवडणारे नव्हते. कोणतीही संस्था पुढे आली नाही. प्रदर्शनाची इतर तात्पुरती बांधकामे पाडण्यात आली, त्यांबरोबर बुलडोझरने हे शिल्पही भुईसपाट केले.

त्या रजेवरून परतल्या तेव्हा कला केंद्रातील त्यांची जागा दुसऱ्यांना देण्यात आली होती. १९३९ सालीच त्यांनी हार्लेममध्ये कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृतींसाठी एक कलादालन उघडले होते. उद्घाटनाला गर्दी झाली, विक्री मात्र झाली नाही आणि दालन लवकरच बंद पडले. पाहणारे होते, कौतुक करणारे होते, परंतु पैसे मोजून कलाकृती घरी किंवा संग्रही नेणारे नव्हते. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारी योजना गुंडाळल्या गेल्या आणि हार्लेमचे कला केंद्रही इतिहासजमा झाले.

१९४५ साली ऑगस्टा यांनी न्यूयॉर्क सोडले आणि कॅट्सकिल पर्वताच्या पायथ्याशी सॉगर्टीज या गावी एका साध्या घरात बिऱ्हाड थाटले. भाजीपाला पिकवावा, कोंबड्या आणि कबुतरे पाळावीत, जवळच्या अळिंबी उत्पादकाच्या प्रयोगशाळेत काम करावे, सवड मिळेल तेव्हा शेजाऱ्यांचे अर्धपुतळे घडवावेत असा त्यांचा दिनक्रम होता. गावातील मुलांना आणि उन्हाळी शिबिरांना येणाऱ्या मुलांना त्या मातीकाम शिकवीत. दुखणे बळावल्यावर त्या न्यूयॉर्कला कन्या आयरीन यांच्याकडे परतल्या. मार्च १९६२ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा कलाविश्वाला त्यांचा बहुतांशी विसर पडला होता.

विस्मरणाचे हे पटल हळूहळू दूर झाले. १९६८ साली हार्लेममध्ये 'स्टुडिओ म्युझियम' स्थापन झाले आणि कृष्णवर्णीय कलावंतांना त्यांच्याच वस्तीत कायमचे संग्रहालय मिळाले. १३५ व्या रस्त्यावरील ग्रंथालयाची परंपरा चालविणाऱ्या शोम्बर्ग सेंटरने १९८८ साली ऑगस्टा आणि हार्लेमच्या कलाशाळांवर प्रदर्शन भरविले. २०१८ साली जॅक्सनव्हिलच्या कमर म्युझियमने त्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या कृती एकत्र मांडल्या. पुढील वर्षी ते प्रदर्शन न्यूयॉर्कलाही गेले. ज्या शहरात चार अर्धपुतळ्यांचे काम मिळावे म्हणून तरुण ऑगस्टा वणवण फिरल्या होत्या, त्याच शहराने जवळजवळ शतकानंतर त्यांचा असा गौरव केला.

आपल्या हातून टिकाऊ असे फारसे घडले नाही, पण ज्यांना शिकविले त्यांच्या कामात आपले स्मारक उभे राहील, असे ऑगस्टा यांना वाटत असे. हे त्यांचे मोठेपण झाले. त्याआड समाजाला आपली जबाबदारी झाकता येणार नाही. द्युबॉइस यांचा पुतळा आज नाही, सोळा फुटी हार्प नाही, आणि या कृती वाईट होत्या म्हणून त्या गेल्या असे कोणीच म्हणत नाही. त्या वेळी एखाद्या संग्रहालयाला, एखाद्या मंडळाला काही शे डॉलर आणि एक कोपरा द्यावासा वाटला असता तर त्या वाचल्या असत्या. वर्गणीची पावती फाडून आफ्रिकी-अमेरिकी कलेला हातभार लावणारे आजचे सभासद नेमके तेच काम करीत आहेत, जे १९४० साली करावयास कोणी नव्हते.